पाचवं प्रूफ

…न्हाय न्हाय, तुम्ही आधी बसा, हर्षालीताई, असं उभ्यानं काय बोलायचं — ती खुर्ची घ्या, तिच्यावरच्या लग्नपत्रिका खाली ठिवा, वाळल्यात त्या, काय होत न्हाय — आन् पेपर वाचलाय म्या. सकाळी सातलाच वाचला. पान पाच, खाली डाव्या अंगाला. पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार. नांदेडकडचं कोण तरी पोरगं हाय, कवितासंग्रह हाय म्हणं, असू द्या, चांगला असंल. तुमचं नाव न्हाय. खाली ती शेवटच्या फेरीतली पाच नावं छापल्यात, त्यात बी न्हाय. चष्मा पुसून दोनदा बघितलं म्या. मग तुम्ही अशा मंगळवारचं, उपकेंद्राला रजा टाकून, माकणीहून दोन गाड्या बदलून नळदुर्गात कशाला आलात, हे मला कळत न्हाय व्हय? काय म्हणता? ‘जाऊ द्या आप्पा’? जाऊ द्या कसं? दिवसभर खांद्याला लशीची पेटी लावून वाडीवस्ती हिंडायची, लेकरांना टोचायचं, बाळंतिणींची वजनं घ्यायची, आन् त्यातनं बसून बारा कथा लिहायच्या — आन् ‘लसपेटी’सारख्या पुस्तकाचं नाव पाचात बी येऊ नये, आन् म्या, बोरीकाठ प्रकाशनाचा मालक शरणबसप्पा, म्या म्हणावं की जाऊ द्या? थांबा, थांबा, मला बोलू द्या. तुमचं नंतर सांगा.

कुरिअरचं असं हाय बघा ताई — हितनं लातूरला काय टाकायचं म्हणलं की ते आधी सोलापूरला जातंय. कशाला, तर त्यांचा तसा रस्ता हाय. सोलापुरात पडून राहतंय, मग कवा तरी लातूर. आन् लातूरच्या प्रतिष्ठानच्या ह्या पुरस्काराचे नियम तर तुम्हाला ठावं हायतच — लेखकानं पाठवायचं न्हाय, प्रकाशकानंच पाठवायचं, चार प्रती, सहीशिक्क्याचं पत्र, लेखकाचा परिचय, फोटो, एकतीस जानेवारीच्या आत पोचलं पायजे. जानेवारीत म्या तुम्हाला फोनवर सांगितलं व्हतं न्हवं, पाठवलं म्हणून? तुम्ही तवा कुठल्या तरी शाळेत व्हतात, मागनं लेकरं रडल्याली ऐकू येत व्हती, तुम्ही म्हणालात, बरं झालं आप्पा, एक काम झालं. तर ते पोचलं नसंल. न्हायतर पोचून कुणी तरी फोडलंच नसंल, त्या लोकांकडं ढीग येतात — बघतो म्या पावती. हितंच ड्रॉवरात असंल. पावती असली म्हणजे आपण अर्ज करू शकतो, जाब विचारू शकतो… तुम्ही पावती मागितली न्हाय? मग कोण म्हणालं पावती? म्याच म्हणालो व्हय. बरं. म्याच म्हणालो असंन.

चहा सांगू का? सांगतोच. — ओ सिदू! दोन चहा पाठीव, एक बिनसाखरेचा! — सिदू बी थकला बघा आता, माझ्याच वर्गातला, पण हॉटेल काय सोडत न्हाय. काय बघायलात, ते फोटो? बघा की. तो पयला अमरसिंहाचा. अणदूरचा मास्तर, कादंबरी घेऊन आला तवा वहीत लिहिल्याली व्हती, शिसपेन्सिलीनं. म्या टाइप केली, म्या सुधारली, म्या छापली, म्याच चार ठिकाणी पाठवली. पुरस्कार आला. गेलो की म्या कार्यक्रमाला, धुतल्याली टोपी घालून, चौथ्या रांगेत बसलो. स्टेजवरनं म्हणाले प्रकाशकांनी पुढं यावं, फोटो काढायचाय. गेलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात माझा खांदा आलाय तेवढा — तो बघा, उजव्या कडंचा, पांढरा, तो म्या. दुसरी कादंबरी पुण्याहून आली त्याची. मला पोस्टानं प्रत पाठवली, आत लिवलंय, आदरणीय आप्पांना सप्रेम. आन् ती शेजारची दीपमाला. ती तर तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत बसून रडल्याली हाय पुस्तक हातात घेतल्यावर. पुरस्कार आला, महिन्यात पुण्याच्या प्रकाशकाचा फोन आला, हितं येऊन म्हणाली, आप्पा, तुमचा आशीर्वाद असू द्या. दिला की आशीर्वाद. न देऊन सांगतो कुणाला? त्यांचं चुकलं असं म्या कवाच म्हणलं न्हाय. तिकडं मोठी दुकानं हायत, पुस्तक रेल्वेच्या स्टॉलवर दिसतंय, आन् आपली मजल तुळजापूरच्या दोन दुकानांची. जाणार मग माणूस. त्यांच्या जागी म्या असतो तर म्या बी गेलो असतो.

फक्त एक हाय — गेल्यावर येत न्हायत. ह्याचं मला नवल वाटतंय. पुस्तक तिकडं द्या, पण नळदुर्गावरनं जाताना पाच मिनिटं उतरायला काय होतंय? अमरसिंह दर महिन्याला ह्या रस्त्यानं जातो, सिदूनं बघितलंय त्याला, स्टँडवर चहा पिऊन पुढं गेला. म्या हितंच व्हतो. दार उघडंच व्हतं.

मल्लम्मा असती तर एवढं वाटलं नसतं बहुतेक. तुम्ही बघितलं न्हाय माझ्या बायकोला. हैदराबादला गेली पोराकडं, सुनेचं बाळंतपण काढायला, चार महिन्यांसाठी म्हणून गेली, तवा झाल्याली नात आता दुसरी पास झाली. तिला तिकडं बरं वाटतंय, नात हाय, लिफ्ट हाय, म्या कशाला बोलावू? रोज फोन करती. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. मग म्या काय तरी सांगायला लागतो, की आज असं एक हस्तलिखित आलंय, त्यात एक म्हातारी हाय — तर म्हणती, साकु, झोपा आता. साकु म्हणजे पुरे. तिचं बी बरोबर हाय, तिला लहानपणापासनं कन्नड, मराठी पुस्तकाचं तिला काय? आन् हितं दिवसभर माणसं येतात, न्हाय असं न्हाय, पण पत्रिकावाली येतात. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, तारीख, मुहूर्त, आमचे येथे श्रीकृपेकरून, झालं, गेली. पन्नास शब्दांच्या पुढं माणूस बोलत न्हाय हितं. आप्पा, हे वाक्य हितं असं का, ते तिथं का न्हाय, असं विचारणारं माणूस आठ वर्षांत एकच आलं ह्या दुकानात. तुम्ही आलात.

न्हाय, बोलू द्या मला, आता निघालंच हाय तर. तुम्हाला आठवतंय, पयल्या रविवारी आलात तवा? दारात उभ्या राहून विचारलंत, शरणबसप्पा इथंच असतात का. म्या पत्रिका कापत व्हतो, म्हणालो, मुहूर्ताची तारीख सांगा. तुम्ही म्हणालात, मुहूर्त न्हाय, कथा हायत. हसलो किती आपण त्याच्यावर नंतर! मग पयलं प्रूफ, दुसरं प्रूफ. तुम्ही डब्यात धपाटे आणायच्यात, दही वेगळ्या बरणीत, म्या म्हणायचो कशाला उगं तकलीफ, आन् शुक्रवारपासनं म्या शेजारच्या फ्रीजमधलं लोणचं कवा मागायचं ह्याचा विचार करायचो. तुम्ही मोठ्यानं वाचायच्यात, म्या टाइप केल्यालं बघत जायचो, मधीच तुम्ही थांबायच्यात, म्हणायच्यात, आप्पा, ही बाई असं बोलंल का? आन् म्या म्हणायचो, न्हाय बोलणार, ती गप बसंल. आन् तुम्ही वाक्य खोडायच्यात. पन्नास वर्षं ह्या धंद्यात हाय म्या ताई, माझ्या सांगण्यावरनं कुणी वाक्य खोडल्यालं म्या तवाच पयल्यांदा बघितलं.

तर प्रूफं. तुम्हाला म्या काय सांगितलं व्हतं, की बोरीकाठचा नियम हाय, पाच प्रूफं. आमी पाच काढतो, बाकीचे तीनावर भागवतात, म्हणून त्यांच्या पुस्तकात चुका राहतात. सांगितलं व्हतं का न्हाय? खोटं हाय ते. तीनच असतात. जगात कुठं बी जावा, तीन. आमची बी तीनच असतात. अमरसिंहाला तर म्या दोनावर भागवलं. तुम्ही म्हणालात, आप्पा, चौथं मोबाइलवर पाठवा की, लेकरू आईकडं ठिवून यावं लागतंय मला. म्या म्हणालो छे, मोबाइलवर डोळा फसतोय, कागदच पायजे. आलात बिचाऱ्या. चौथ्यात काय बी राहिलं नव्हतं. एक बी चूक न्हाय. ते आदल्या शनिवारीच माझ्या ध्यानात आलं व्हतं, की आता उद्या ह्या वाचतील, ठीक हाय म्हणतील, आन् संपलं. मग म्या काय केलं — सांगू नये असं, पण सांगतो — आतल्या दोन कथा उलट्या लावल्या. अंगणवाडीची मागं, त्या मुक्या पोरीची पुढं. तुम्हाला म्हणालो, कॉम्प्युटरनं घोळ केला बघा, आता परत सगळं काढून बघावं लागणार. तुम्ही हसलात. चिडला असतात तर बरं झालं असतं. हसून म्हणालात, येते की पुढच्या रविवारी, त्यात काय. ते पाचवं प्रूफ. त्या रविवारी आपण तीन तास वाचलं आन् सगळं बरोबरच व्हतं.

अशा बघू नका माझ्याकडं. म्हातारा माणूस हाय म्या, काय वाईट मनात नव्हतं, आईची शपथ. माणूस येतंय एवढंच व्हतं.

आन् ते पार्सल… कुरिअरचं म्या मघाशी सांगितलं ते सोडा. कुरिअरवाल्याची काय चूक न्हाय. पावती न्हाय माझ्याकडं. कुठनं असणार? गेलंच न्हाय ते. त्या खालच्या कपाटात हाय, हिरव्या दाराच्या, कुलूप न्हाय, उघडून बघा पायजे तर. चार प्रती, तुमचा फोटो, परिचय, सगळं नीट, वरनं सुतळी बांधल्याली. पत्र तर असं लिहिलंय म्या ताई, तसं कुणासाठी लिहिलं न्हाय. त्यात म्हणलंय की ह्या बाईंना दीडशे घरांचे उंबरे पाठ हायत आन् प्रत्येक उंबऱ्याच्या आत काय दडवून ठिवलंय ते बी ठावं हाय, पण त्या कुणाची चहाडी करत न्हायत, कथा लिहितात. चांगलं लिहिलंय का न्हाय? एकदा लिहिलं, परत लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पंचवीस तारखेला घेऊन गेलो, कुरिअरचं दुकान बंद, मला बरंच वाटलं. अठ्ठावीसला गेलो, उघडं व्हतं, तर म्या स्टँडवर जाऊन बसलो आन् परत आलो. मग एकतीस. शेवटचा दिवस, त्या दिवशी काय पोचणार व्हतं, पण कुरिअरवाल्यानं म्हणलं व्हतं सकाळी दिलं तर संध्याकाळपर्यंत हातात देतो, खास माणूस हाय म्हणून. काउंटरवर ठिवलं म्या. त्यानं वजन बी केलं. म्हणाला, आप्पा, लातूरच ना? आन् माझ्या तोंडातनं निघालं — थांब, पत्ता चुकलाय. उचललं, बगलंत मारलं, घरी आलो. पत्ता बरोबर व्हता. त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, पाठवलं म्हणून.

भ्यालो म्या. पुरस्कार मिळणार न्हाय म्हणून न्हाय भ्यालो, मिळंल म्हणून भ्यालो. मिळणारच व्हता! ते नांदेडचं पोरगं तुमच्यापुढं काय टिकलं असतं? मग सत्कार, मग फोटो, मग महिन्यात पुण्याचा फोन, मग तुम्ही त्याच खुर्चीत बसून म्हणणार आशीर्वाद असू द्या. आणिक एक आशीर्वाद माझ्याकडनं झाला नसता ताई. आन् हे दुसऱ्या वर्षी परत पाठवायची सोय न्हाय, हे मला ठावं व्हतं, न्हाय असं न्हाय. चांगलं ठावं व्हतं. पयल्या पुस्तकाचा पुरस्कार हाय. तुम्ही अजून दहा पुस्तकं लिहाल, वीस लिहाल, पयलं आता तुम्हाला परत लिहायला येणार न्हाय. ते म्या खाल्लं. बेइमानी हाय ही, दुसरा शब्द न्हाय मला सापडत, आन् शब्दांचाच धंदा हाय माझा. पाच महिने झाले, रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ते कपाट दिसतंय. म्हणलं, निकाल लागंल, तुम्हाला वाटंल मिळाला न्हाय, सगळ्यांनाच मिळतो व्हय, आन् मिटंल. पण तुम्ही आलात, ते बी मंगळवारचं, आन् दारातनं आत पाऊल टाकल्या टाकल्या मला वाटलं, प्रतिष्ठानला फोन करून आल्यात ह्या. त्यांनी सांगितलं असणार की बाई, तुमचं पुस्तकच आलं न्हाय.

…केला नव्हता फोन? मग तुम्हाला ठावंच नव्हतं?

मग कशासाठी… बरं. बरं, काढा काय काढायलात ते. काय हाय, वकिलाचा कागद हाय? हक्क सोडल्याचं पत्र असंल तर द्या, वाचत बी न्हाय, सही करतो. ‘लसपेटी’चे सगळे हक्क तुमचे, उरल्याल्या प्रती तुमच्या, टेम्पो करून घरपोच करतो. पेन कुठं गेलं… हा एवढा गठ्ठा? एवढा कागद कशाला लागतोय हक्क सोडायला? थांबा, चष्मा —

‘माकणी उपकेंद्र’. कादंबरी. हर्षाली… आन् खाली…

खाली बोरीकाठ प्रकाशन, नळदुर्ग लिहिलंय. तुम्हीच टाइप केलंत हे? तुम्ही कादंबरी लिहीत व्हतात? मला एका शब्दानं बोलला न्हाय तुम्ही. आन् मघापासनं हेच सांगायचं चाललं व्हतं, आन् म्या थांबा थांबा, बोलू द्या, बोलू द्या… अय्यो शिवा. आन् पुण्याचं? त्यांनी विचारलंच असंल की, पुस्तक काय कुणाच्या हाती पडत न्हाय असं थोडंच हाय. — विचारलं? कवा? मार्चात? पुरस्कार न मिळता? आन् तुम्ही न्हाय म्हणालात त्यांना? कशाला, ताई? काय सांगितलंत त्यांना?

…काय? परत सांगा.

आमचे आप्पा पाच प्रूफं काढतात. असं सांगितलंत. त्या पुण्याच्या माणसाला. एवढ्या जीव लावून पुस्तक कोण काढतंय आजकाल, म्हणून.

न्हाय. न्हाय, हितं ठिवू नका ते. उचला. शाईचे हात हायत माझे, डाग लागंल त्याला, उचला म्हणतो न्हवं. म्या वाचणार न्हाय. वाचलं तर म्या देणार न्हाय, माझा मला भरवसा न्हाय आता. त्या माणसाचा नंबर हाय ना अजून मोबाइलमधी? मग लावा फोन. हितं माझ्यापुढं नगं, गाडीत बसल्यावर लावा. सांगा, विचार बदलला. कारण विचारलं तर काय बी सांगा, आप्पा म्हातारे झाले म्हणा, प्रेस बंद पडली म्हणा. खरं सांगितलं तरी चालंल. तीन प्रूफात नीट काढतात ते लोक पुस्तक, लई नीट काढतात, म्या बघितल्यात त्यांची पुस्तकं. आन् मला बोला. शिव्या द्या की. दोन शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

बरं, एक ऐका. शेवटचं. हे वरचं पान तेवढं मला राहू द्या. कादंबरी न्या, सगळी न्या, हे एकच पान. तुम्हाला तसं बी ते बदलावंच लागणार, खाली नाव दुसरं येणार. मला ठिवायला व्हईल. तुमची मर्जी नसंल तर — तर नगं. तसंच सगळं पिशवीत घाला, न्हायतर… न्हायतर हितंच असू द्या सगळं, म्या म्हणत न्हाय ठिवाच, पण तुमच्या मनात असंल आन् तुम्हाला वाटत असंल की —

…काढून दिलंत पान.

व्हय. बरं केलंत. म्याच म्हणालो व्हतो. बरोबर हाय तुमचं, अगदी बरोबर हाय. बाकीची पानं नीट घाला आत, मागच्याला घडी पडायली. तुमची लोहाऱ्याची गाडी लागली असंल आता, जावा. जावा, ताई.